टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट : एका आकड्यावर निकाल देऊ नका

'मर्दाना कमजोरी'च्या जाहिराती आपण सगळ्यांनी भिंतींवर वाचल्या आहेत. आता त्या भिंतीवरून मोबाइलमध्ये आल्या आहेत. त्यासोबत एक नवी गोष्टही आली आहे. 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये साखर, थायरॉइड, व्हिटॅमिन डी यांच्या ओळीत टेस्टोस्टेरॉनचाही आकडा छापून येतो. आकडा कमी असला की त्याच्यापुढे 'लो' असा शिक्का. घरातला कर्ता पुरुष तो कागद घडी करून खिशात ठेवतो आणि कोणालाच काही सांगत नाही. मग कोणी इंजेक्शन सुचवतो, कोणी कुश्ता, कोणी जिममधली पावडर.

हा लेख त्या खिशातल्या कागदाबद्दल आहे. विषय नाजूक आहे, पण लपवावा असा नाही. कारण हा आकडा चुकीचा वाचला गेला, तर एखाद्या घरात पाळणा हलायचा थांबू शकतो. ते कसं, हे आम्ही पुढे सांगणार आहोत. आधी तो आकडा म्हणजे काय ते समजून घेऊ.

हार्मोन एक, रूपं तीन

टेस्टोस्टेरॉन हा पुरुषाच्या शरीरातला मुख्य लैंगिक हार्मोन. डोक्यातली पीयूष ग्रंथी हुकूम देते आणि वृषणं तो तयार करतात. दाढीमिशा, आवाजाचा भारदस्तपणा, स्नायू, हाडांची मजबुती, रक्तातल्या तांबड्या पेशी, लैंगिक इच्छा या सगळ्यांशी त्याचा संबंध आहे. स्त्रियांच्या शरीरातही तो असतो, पण फार थोडा. १९३५ मध्ये आम्स्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी बैलाच्या वृषणांतून तो वेगळा काढला. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिका यांनी तो प्रयोगशाळेत बनवण्याची रीत शोधली. १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं.

रिपोर्टवर बहुधा जो आकडा असतो तो 'टोटल', म्हणजे एकूण टेस्टोस्टेरॉनचा. पण रक्तातला सगळा टेस्टोस्टेरॉन कामाला मोकळा नसतो. आम्ही कन्हानची माणसं खाणीचा पगार जाणतो, म्हणून त्याच भाषेत सांगतो.

कोळसा खाणीतल्या कामगाराची एकूण कमाई तीन ठिकाणी असते. एक हिस्सा पीएफमध्ये. तो त्याचाच, पण उद्याच्या किराण्याला लगेच उपयोगाचा नाही. दुसरा हिस्सा बँकेच्या बचत खात्यात, गरज पडली की काढता येतो. तिसरा खिशातली रोकड, थोडीच पण लगेच खर्चाला हजर.

टेस्टोस्टेरॉनचं तसंच आहे. आपलं लिव्हर एसएचबीजी नावाचं एक प्रथिन बनवतं. टेस्टोस्टेरॉनचा मोठा भाग या प्रथिनाला घट्ट चिकटलेला असतो. हा झाला पीएफ. दुसरा मोठा भाग अल्ब्युमिन या प्रथिनाला सैलसर चिकटलेला असतो आणि सहज सुटतो. हे बचत खातं. उरलेला जेमतेम १ ते ३ टक्के भाग कशालाही न चिकटता रक्तात फिरतो. ही रोकड, यालाच 'फ्री' म्हणजे मुक्त टेस्टोस्टेरॉन म्हणतात. रोकड आणि बचत खातं मिळून जे होतं ते 'बायोअव्हेलेबल', म्हणजे शरीराला उपलब्ध टेस्टोस्टेरॉन.

एकूण कमाई सारखी असलेल्या दोन घरांत हातातला पैसा वेगवेगळा असू शकतो, तसंच इथेही होतं.

दोन माणसं, दोन रिपोर्ट

हे आकड्यांत पाहू. दोन्ही माणसं आम्ही उदाहरणापुरती कल्पिली आहेत, गणित मात्र डॉक्टर वापरतात तेच आहे. १९९९ मध्ये बेल्जियमच्या व्हर्म्यूलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेल्या सूत्राने ते केलं आहे. दोघांचं अल्ब्युमिन सारखं, ४.३ ग्रॅम प्रति डेसिलिटर धरलं आहे.

पहिला माणूस ४२ वर्षांचा, पोट सुटलेलं. एकूण टेस्टोस्टेरॉन २८० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. बऱ्याच लॅब याच्यापुढे 'लो' छापतील. पण त्याचं एसएचबीजी आहे फक्त १५. म्हणजे पीएफमध्ये फार थोडं अडकलं आहे. हिशेब केला तर मुक्त टेस्टोस्टेरॉन निघतं सुमारे ८० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि उपलब्ध सुमारे १८६ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर.

दुसरा माणूस ६८ वर्षांचा, अंगाने वाळलेला. एकूण टेस्टोस्टेरॉन ५२०. रिपोर्ट 'नॉर्मल' म्हणतो. पण त्याचं एसएचबीजी आहे ९०. बहुतेक सगळं पीएफमध्ये अडकलं. त्याचं मुक्त टेस्टोस्टेरॉन निघतं सुमारे ५२ पिकोग्रॅम, उपलब्ध सुमारे १२२ नॅनोग्रॅम.

काही तज्ज्ञ संघटनांनी मुक्त टेस्टोस्टेरॉनची रेघ ६५ पिकोग्रॅमच्या आसपास ओढली आहे. त्या रेघेने पाहिलं तर ज्याच्या कागदावर 'लो' छापलं तो ठीक आहे आणि ज्याच्या कागदावर 'नॉर्मल' छापलं त्याच्याकडे डॉक्टरांनी नीट लक्ष द्यायला हवं.

याचा अर्थ एकूण टेस्टोस्टेरॉनची तपासणी निरुपयोगी आहे, असा नाही. सुरुवात त्याच तपासणीने करायची. आकडा स्पष्टपणे भरपूर किंवा स्पष्टपणे फार कमी असेल, तर बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. पण तो काठावर असेल, किंवा एसएचबीजी बिघडवणारं काही कारण त्या माणसात असेल, तर मुक्त टेस्टोस्टेरॉनचा हिशेब मागितलाच पाहिजे.

एसएचबीजी कशाने कमी-जास्त होतं?

वजन वाढलं, टाइप २ मधुमेह झाला, थायरॉइड मंदावला, किडनीतून प्रथिन जाऊ लागलं किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्या, तर एसएचबीजी घटतं. अशा माणसाचा एकूण आकडा कमी दिसतो, पण रोकड शाबूत असू शकते.

वय वाढलं, थायरॉइड जास्त चालू लागला, लिव्हरचा सिरॉसिस झाला, एचआयव्हीची लागण असली किंवा मिरगीच्या काही गोळ्या चालू असल्या, तर एसएचबीजी वाढतं. अशा माणसाचा एकूण आकडा चांगला दिसतो, पण रोकड आटलेली असू शकते.

आपल्या घरांसाठी यातली पहिली यादी महत्त्वाची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा होता, २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून चरबीचा असू शकतो, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं. म्हणून 'आमचे हे तर सडसडीत आहेत' म्हणून गाफील राहू नका. पोटाचा घेर मोजा आणि साखर तपासा.

पण उलट बाजूही आहे. अमेरिकेतल्या बफेलो इथे डॉ. परेश दंडोना यांच्या गटाने टाइप २ मधुमेहाच्या १०३ पुरुषांचं मुक्त टेस्टोस्टेरॉन चांगल्या पद्धतीने मोजलं. २००४ मध्ये त्यांनी सांगितलं, की त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश पुरुषांचं मुक्त टेस्टोस्टेरॉनच कमी होतं. म्हणजे मधुमेही माणसाचा कमी आलेला आकडा कधी फसवा असतो, कधी खरा. कोणता ते मुक्त टेस्टोस्टेरॉन पाहिल्याशिवाय कळत नाही.

तपासणी कधी आणि कशी करावी?

टेस्टोस्टेरॉन दिवसभर सारखा राहत नाही. झोपेत चढतो, सकाळी सर्वांत जास्त असतो आणि संध्याकाळपर्यंत उतरतो. जेवण किंवा साखर पोटात गेली तरी तो काही तासांसाठी उतरतो. म्हणून नियम असा : रात्रीची नीट झोप झाल्यावर, सकाळी १० च्या आत, उपाशीपोटी रक्त द्यावं. आकडा कमी आला तर दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा तपासावं. एका रिपोर्टवर निदान करू नये. ताप, टायफॉइड, डेंग्यू, ऑपरेशन अशा दिवसांत तर ही तपासणी करूच नये, कारण आजारपणात आकडा तात्पुरता पडतो.

आमच्या कन्हानला यात एक अडचण आहे. इथल्या कितीतरी घरांतली माणसं वेकोलिच्या खाणींत किंवा खापरखेडा-कोराडीच्या वीज केंद्रांत पाळीने कामाला जातात. रात्रपाळी करून सकाळी घरी येणाऱ्या माणसाची ती 'सकाळ' नसते, ती त्याची रात्र असते. शिकागोमध्ये झालेल्या एका प्रयोगात १० निरोगी तरुणांना आठवडाभर रोज फक्त ५ तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के उतरलं. हा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा रात्रपाळीहून परत येताना वाटेवरच्या लॅबमध्ये रक्त देऊ नका. दिवसपाळीचा आठवडा येऊ द्या, दोन-चार रात्री पोटभर झोप घ्या, मग तपासा. पाळीबद्दल डॉक्टरांनाही सांगा.

रमजानचंही असंच. पहाटे सहेरीला उठायचं, फजरनंतर थोडी झोप, रात्री तरावीह. झोप तुटक झालेली असते आणि सकाळी ८ वाजता पोटही पूर्ण उपाशी नसतं, कारण सहेरी होऊन चारच तास झालेले असतात. फार निकड नसेल तर ही तपासणी ईदनंतर, झोपेची घडी बसल्यावर करावी.

आता मोजण्याच्या पद्धतीबद्दल. 'फ्री टेस्टोस्टेरॉन' असं नाव लिहिलेली एक स्वस्त, थेट किटवर होणारी तपासणी बऱ्याच लॅबमध्ये मिळते. तिच्यावर भरवसा ठेवू नये, असं हार्मोनतज्ज्ञांच्या संघटना सांगतात. सर्वांत खात्रीची पद्धत इक्विलिब्रियम डायलिसिस. ती वेळखाऊ आणि महागडी आहे, सगळीकडे होत नाही. मधला चांगला मार्ग हा, की एकूण टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन या तिन्ही तपासण्या एकाच नमुन्यातून करून घ्याव्यात आणि डॉक्टरांनी सूत्राने मुक्त आणि उपलब्ध आकडा काढावा. गावात रक्त घेऊन नमुना मोठ्या शहरात पाठवणाऱ्या लॅबलाही हे करता येतं. फक्त आपण नेमकं काय मागतो आहोत ते चिठ्ठीवर लिहिलेलं हवं.

केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. त्यांच्यामुळे काही मशीनवर हार्मोनचे आकडे चुकतात. आणि दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून तुलना करू नका, प्रत्येकीची पद्धत आणि मर्यादा वेगळी असते.

तपासणी कोणी करावी?

थकवा आला, चिडचिड झाली, पन्नाशी ओलांडली, एवढ्यावरून कोणी ही तपासणी करू नये. युरोपमधल्या ८ शहरांत ४० ते ७९ वयाच्या ३,३६९ पुरुषांचा अभ्यास झाला होता. लैंगिक इच्छा कमी, ताठरता कमी, सकाळची नैसर्गिक ताठरता कमी अशा तीन तक्रारी आणि त्यासोबत एकूण व मुक्त टेस्टोस्टेरॉनही कमी, असं सगळं एकत्र असलेले किती निघाले? २.१ टक्के. हा अभ्यास २०१० मध्ये छापला गेला. म्हणजे वयोमानाने खरी कमतरता येणारे पुरुष थोडे, जाहिराती मात्र सगळ्यांसाठी.

तपासणीची गरज कोणाला? वरच्या तक्रारी टिकून असलेल्याला. दाढीचे किंवा अंगावरचे केस विरळ होत असलेल्याला. छाती स्त्रीसारखी वाढलेल्याला. थोड्याशा पडण्याने हाड मोडलेल्याला. मोठेपणी गालगुंड होऊन वृषण सुजलेल्याला. कॅन्सरची औषधं घेतलेल्याला. आणि १४ वर्षांचा होऊनही ज्या मुलात वयात येण्याची काहीच खूण दिसत नाही, त्याला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावं. त्याला हसू नये, मामा-काकांनीही नाही.

आकडा खरंच कमी निघाला तर पुढचा प्रश्न 'का?' हा असतो. त्यासाठी एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन पाहतात. बिघाड वृषणांत आहे की पीयूष ग्रंथीत, हे त्यावरून कळतं. कधी ग्रंथीवरची साधी गाठ सापडते, जी गोळ्यांनी आटोक्यात येते. थेट इंजेक्शन घेणाऱ्याची ही गाठ तशीच लपून राहते.

इंजेक्शन आणि औलाद

सुरुवातीला पाळण्याबद्दल लिहिलं होतं, ते हे. अनेक तरुणांना वाटतं, टेस्टोस्टेरॉन म्हणजे मर्दानगी, मग इंजेक्शन घेतलं की मूल होण्याची शक्यता वाढेल. होतं नेमकं उलटं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की पीयूष ग्रंथीला वाटतं, माल भरपूर आहे. ती वृषणांना हुकूम देणं थांबवते. वृषणं आपलं काम बंद करतात आणि वीर्यातले शुक्राणू घटत घटत शून्यावर येऊ शकतात.

हे किती खरं आहे, ते यावरून समजा. जागतिक आरोग्य संघटनेने टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं. २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम दिलं. सहा महिन्यांत १५७ जणांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नाही. हे १९९० मध्ये प्रसिद्ध झालं. औषध बंद केल्यावर शुक्राणू बहुतेकांना परत येतात, पण त्याला महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त.

आता कल्पना करा. निकाहला दोन वर्षं झाली, मूल नाही. सुनेच्या तपासण्यांवर तपासण्या चालल्या आहेत, तिला दर्ग्याला नेलं, दवाखाने झाले. आणि तिचा शौहर जिममधल्या कोणाच्या सांगण्यावरून इंजेक्शन घेतो आहे, घरात कोणालाच माहीत नाही. दोष मात्र सुनेच्या माथी. हे अन्यायाचं आहे आणि टाळता येणारं आहे.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं, कधी एकटं, कधी स्त्रीच्या कारणासोबत. म्हणून तपासण्या सुरू करताना सुरुवातीपासूनच दोघांची तपासणी व्हावी. पुरुषासाठी पहिली तपासणी टेस्टोस्टेरॉनची नसते, वीर्याची असते. ती सोपी आहे आणि तिच्यात सुई टोचावी लागत नाही. टेस्टोस्टेरॉन उत्तम असूनही शुक्राणू नसणं शक्य आहे, तेव्हा एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नये. ज्याला नजीकच्या काळात बाप व्हायचं आहे त्याला टेस्टोस्टेरॉन देऊ नये, असंच तज्ज्ञांचं मार्गदर्शन आहे. अशांसाठी वृषणांना जागं करणारी वेगळी औषधं असतात, ती तज्ज्ञच देतात.

कुश्ता आणि 'ताकदीच्या' पुड्यांबद्दलही सांगायला हवं. जगभरात अशा 'शुद्ध जडीबुटी'च्या औषधांत न सांगता घातलेलं सिल्डेनाफिल अनेकदा सापडलं आहे. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्या माणसाच्या पोटात ते गेलं, तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. ज्या पुडीवर काय घातलं आहे ते लिहिलेलं नाही, ती घरात येऊ देऊ नका.

खरी कमतरता असेल तर

वर सांगितलेली सगळी वाट नीट चालून कमतरता खरी ठरली, तर उपचार आहेत आणि त्यांत शरम नाही. इन्सुलिन घेण्यात शरम नाही, तशीच यातही नाही. जेल किंवा इंजेक्शन डॉक्टर ठरवतात. आधी रक्तातल्या तांबड्या पेशी आणि वयाप्रमाणे प्रोस्टेट तपासतात आणि नंतरही ठरावीक काळाने पाहत राहतात. प्रोस्टेटचा कॅन्सर असलेल्याला किंवा नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्याला ते देत नाहीत. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत असं दिसलं, की हृदयविकाराचा धोका असलेल्या पण खरी कमतरता असलेल्या पुरुषांत या उपचाराने अटॅक किंवा लकवा वाढला नाही. हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुफ्फुसात गुठळी अडकणं मात्र थोडं जास्त दिसलं. म्हणजे औषध चांगलं, पण देखरेखीखालीच.

आणि ज्याचा आकडा पोट, साखर आणि अपुऱ्या झोपेमुळे उतरला आहे, त्याचं औषध घरातच आहे. वजन उतरलं की टेस्टोस्टेरॉन चढतो, हे वारंवार दिसलं आहे. रात्री घोरणं आणि श्वास अडकणं असेल तर त्याचा इलाज करा. बिर्याणीची दुसरी प्लेट, शीरखुर्म्याची तिसरी वाटी, दिवसभराची साखरेची चहा, यांना हात आखडता घ्या. फजरनंतर अर्धा तास चाला.

डॉक्टरांकडे जाताना

आमच्या भागातल्या लोकांना नागपूर दूर नाही. मेयो, मेडिकल आणि एम्स, तिन्ही सरकारी आहेत. एंडोक्रिनॉलॉजिस्ट म्हणजे हार्मोनचे डॉक्टर, त्यांची ओपीडी कोणत्या दिवशी असते ते आधी विचारून जा. सोबत हे न्या :

* जुने सगळे रिपोर्ट, रक्त किती वाजता दिलं त्या वेळेसह.
* चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, इंजेक्शनं, पावडरी आणि पुड्या. एकही लपवू नका.
* पाळीच्या ड्युटीची माहिती.
* मूल हवं आहे की नाही, याचं स्पष्ट उत्तर.
* आणि शक्य असेल तर बायकोला सोबत.

शेवटचा मुद्दा आम्ही जाणून लिहिला आहे. अम्मींनी, बहिणींनी, बायकांनी हा लेख वाचावा आणि घरातल्या पुरुषापुढे उघडा ठेवावा. तो घडी केलेला कागद त्याने खिशातून काढून जेवणानंतर तुमच्यापुढे ठेवला, तर हसू नका, घाबरू नका. फक्त एवढं विचारा : "रक्त सकाळी उपाशी दिलं होतं का? दुसऱ्यांदा तपासलं का? एसएचबीजी पाहिलं का?" या तीन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत कोणतंही इंजेक्शन थांबू शकतं.